मोजलं नाही

आमच्या वाचनालयात ढगांवरची अकरा पुस्तकं आहेत
आणि गावात पाऊस नाही.
नाही म्हणजे कमी नव्हे. नाहीच.
माझ्या आईनं तो एकदा पाहिला, दक्षिणेत, लग्नाला गेली तेव्हा.
घरी येऊन सांगितलं, तर आजोबा म्हणाले,
वरून कोण ओतत होतं?

पुस्तकं आली जाळ्यांबरोबर.
विद्यापीठातली मुलं डोंगरावर खांब रोवायला आली,
दोन खांबांत एक काळी जाळी, ढगाच्या वाटेवर ताणलेली,
आम्ही माशांच्या वाटेवर ताणतो तशीच.
जाताना खोकं माझ्या दारात ठेवून गेली.
एका पुस्तकात ढगांची कुळं: तंतुमेघ, पुंजमेघ, स्तरमेघ.
एकात वैमानिकाच्या आठवणी, बऱ्याचशा जेवणाच्या.
एकात कुणी विधवा बाई खिडकीतला ढग रोज रंगवते
आणि शेवटच्या पानावर नुसता ओला कागद ठेवते.
पावसाचं प्रकरण सगळ्यांत स्वच्छ राहिलंय,
त्याला बोटंच लागलेली नाहीत.

आमचा ढग पायी येतो.
समुद्रावरून निघतो, दुपार कलली की चढ चढतो.
आम्ही त्याला कामान्चाका म्हणतो,
पुस्तक म्हणतं स्तरपुंजमेघ, उंची सातशे मीटर.
दोन्ही खरं.
दार उघडं दिसलं की आत येतो,
पानांच्या कडा फुगवतो
आणि सभासद न होताच निघून जातो.

बारावं पुस्तक फ्रेसियानं आणलं.
तिच्या वडलांची वही. एर्मोहेनेस ताबिलो, जाळ्यांचे राखणदार.
निळा पुठ्ठा, मासळीच्या हिशेबाची पानं,
वरचं ‘किलो’ खोडून प्रत्येक पानावर ‘लिटर’.

४ जुलै. वारा नैर्ऋत्य. ढग जाड. दोनशे बारा.
५ जुलै. पातळ, मासे धुतलेल्या पाण्यासारखा. चाळीस.
९ जुलै. काही नाही. गाढव जाळीला पाठ घासून गेलं.
२० जुलै. एकशे नव्वद. एलियाना म्हणते गोधड्या धुवू. साबण नाही.

मग पानंच्या पानं आकडे.
मग एका पानावर एकच ओळ:

ढग आला. मोजलं नाही.

वरची तारीख मी दफनभूमीतल्या क्रुसांशी ताडून पाहिली.
जुळली.

आता ही ठेवायची कुठं?
पाचशे एक्कावन्न म्हणजे आभाळाचं शास्त्र,
नऊशे वीस म्हणजे माणसांची चरित्रं.
दोन कपाटांत सहा पावलांचं अंतर,
आणि त्या सहा पावलांत मी आठवडाभर येरझारा घातल्या.
शेवटी खिडकीत ठेवली. नंबर नाही.

पहिल्यांदा मागायला आला वेनान्सियो, टँकरवाला.
त्याच्या टँकरनं जाळ्या मोडीत काढल्या असं गाव म्हणतं.
फाडल्या वाऱ्यानं,
टँकर फक्त वेळेवर आला.
पंधरा दिवसांची मुदत, तीन महिने फिरकला नाही.
वही परत आली तेव्हा तिला डिझेलचा वास होता
आणि शेवटच्या नोंदीखाली, दुसऱ्याच अक्षरात, शिसपेन्सिलीनं:

१७ सप्टेंबर. पहाट. चढावर थांबलो.
समोरच्या काचेवरचा पुसला, फडकं पिळलं.
अर्धा पेला.
प्यायलो.

पुस्तकात लिहिलं तर दंड पडतो, भिंतीवर पाटी आहे,
माझ्याच हातची.
तो पाटीकडे बघत उभा राहिला, टोपी काढून.

मी ‘परत आले’चा शिक्का उचलला.
शाईची गादी वाळलेली.
खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं,
थेंबभर मिळालं,
तेवढ्यात उमटला.