फळी

तापीच्या काठावर आमचं गाव, एकाच उंचीचं.
धाब्याला धाबं लागलेलं.
कुणाची भिंत कुठे संपते
ते फक्त मुंग्यांना ठाऊक.

चर्चही धाब्याचंच. आम्ही त्याला मंदिर म्हणतो.
याकोब गवंड्यानं बांधलं, वितीवर आणि दोरीवर.
कुण्या साहेबानं कागदावर टोकदार मनोरा काढून दिला होता.
याकोबनं कागद उलटा करून पाहिला,
म्हणाला, एवढ्या टोकावर माती राहील कशी?
आणि टाकले सागाचे सर, वर किलचण,
वर पळसाची पानं, चिखल,
मग खारी माती, चोपून चोपून.
मनोऱ्याच्या जागी कमरेएवढा ओटा,
ओट्यावर चुन्याचा क्रूस,
आणि घंटा म्हणून
रेल्वेच्या रुळाचा तुकडा.

रविवारी आम्ही पोरं जमिनीवर उतरायचोच नाही.
सिलास साळवेच्या छतावरून दगूबाईच्या,
तिथून गल्लीवरच्या फळीवरून
थेट क्रूसापाशी.
फळी दगूबाईची. बाभळीची, मधोमध वाकलेली.

दगूबाईकडे कानबाई बसायची.
रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत,
म्हणून आमच्यासाठी वेगळ्या पुऱ्या
फळीवर झाकून ठेवलेल्या.
तिच्या मिरच्या मात्र वाळायच्या आमच्या छतावर.
सवण्यातून खाट उतरायचा,
ऐन स्तोत्रात पाळक खोकायचे.
ती वरून ओरडायची,
"तुमना देवले ठसका लागस का रे?"

परवा स्लॅबसाठी छत फोडलं.
कापलेल्या कडेला थर दिसले,
पिवळट, पांढरे, एक राखाडी.
दरसाल घरोघरची एकेक पाटी.
इंजिनियर म्हणाला, बापरे, केवढं वजन!
मी मोजत होतो, एकेचाळीसला चुकलो.
एका थरात मिरचीचं बी होतं.
खिशात टाकलं. उगवणार नाही, माहीत आहे.

सेंटरिंगला फळ्या कमी पडल्या
तेव्हा दगूबाईच्या नातवानं ती आणून दिली.
तीच. सिमेंटनं माखली आता,
पण वाक ओळखू येतो.
त्याचं घर दोन मजली झालंय,
मोठ्या खिडक्यांचं, छान आहे.
उद्घाटनाला ये म्हटलं.
येतो म्हणाला,
जिना उतरून, चपला घालून,
गल्लीला वळसा मारून,
पुढच्या दारानं.