नाक मुठीत धरून

माझ्या घरात पांढरी उशी नाही.
अभ्रे सगळे वांगी रंगाचे, नाहीतर चॉकलेटी.
पाहुणे म्हणतात, ल्युडविना, काय गं ही तुझी आवड!
आवड कसली. सवय.

बाबा रिफायनरीत होते.
वरच्या खिशात दोन रुमाल,
एक घामाचा, एक नाकाचा.
घोळणा फुटला की मुकादम ओरडायचा,
"मान वर कर, एउफेमियो, आकाश बघ!"
बाबा आकाश बघत
स्वतःचंच रक्त गिळत उभे राहायचे
आणि संध्याकाळी मोरीत काळं ओकायचे.
शेजारच्या तांती मेनाने एकदा
त्यांच्या मानेवर थंडगार किल्ली टेकवली,
चर्चच्या मागच्या दाराची, वीतभर लांब.
तिने काही उघडलं नाही,
काही बंदही झालं नाही.

कुरासाओत वाऱ्याला सुट्टी नसते.
दिवीदिवीची झाडं बघा, जन्मभर एकाच कुशीवर.
तोच वारा नाकात शिरतो,
आतली साय सुकवून पापुद्रा धरतो.
मग एक शिंक पुरते.
कधी शिंकही लागत नाही,
बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी पुरतं.

पण दोष वाऱ्याचा नव्हे, हे फार उशिरा कळलं.
डॉक्टरीणबाईंनी माझा ओठ उलटून पाहिला,
जिभेवर बॅटरी मारली,
खसखशीएवढे लाल ठिपके मोजले
आणि वडिलांचं नाव विचारलं.
आजाराला तीन डॉक्टरांची नावं आहेत.
तिघेही थंड मुलखातले.
बाबांचं नाव त्यात नाही.

आता सकाळी मिठाच्या पाण्याचा फवारा,
रात्री नाकपुडीत करंगळीने व्हॅसलिन,
लोहाची गोळी संत्र्याच्या रसाबरोबर,
डोकं दुखलं तरी ॲस्पिरिन नाही.
दोनदा आतून डागून घेतलंय.
जळक्या केसांचा वास आठवडाभर
प्रत्येक घासात होता.
बरं होत नाही. कमी होतं.
कमी होणं ही केवढी गोष्ट आहे
ते पायऱ्या चढताना धाप लागलेल्याला विचारा.

मी तरंगत्या पुलावर काम करते.
जहाज आलं की अख्खा पूल बाजूला न्यायचा,
मग घोळणा फुटो नाहीतर आभाळ.
एक हात इंजिनाच्या दांड्यावर, एक हात नाकावर,
आणि दोन्ही काठांवर शहर खोळंबलेलं.
नाक मुठीत धरून जगणं म्हणजे लाचारी,
असं म्हणणाऱ्यानं
माझ्या केबिनमध्ये एक पाळी करावी.

काल रात्री भावाची झोराइमा माझ्याकडे झोपली होती.
आठ वर्षांची.
दोन वाजता दारात येऊन उभी,
ओंजळ पुढे धरलेली, जणू काही आणून दिलंय मला.
रडत नव्हती. सांडू नये एवढीच धडपड.

बस. मागे नाही, पुढे वाक.
इथे नाही, हाडाच्या खाली, मऊ आहे तिथे चिमटीत धर.
तोंडाने श्वास. तोंडात आलेलं थुंकायचं, गिळायचं नाही.
मध्येच सोडून बघायचं नाही.
"किती वेळ?"
दहा मिनिटं.
"म्हणजे किती?"
म्हणजे पूल उघडतो,
एक जहाज सावकाश आत येतं,
खलाशी हात हलवतात,
आणि पूल मिटतो.

तिने डोळे मिटले. मोठं जहाज निवडलं असावं.
मी बॅटरी आणली,
तिच्या खालच्या ओठावर धरली.
"काय बघतेस?"
जॅम लागलाय का ते.
होता, कोपऱ्यात, लाल, तिळाएवढा.
ओल्या बोटाने पुसला.
गेला.
गेला असं मला तरी वाटलं,
बॅटरी जुनी आहे.

सोमवारी भावाला फोन करायचा आहे.
"आत्या, जहाज गेलं," ती नाकातून म्हणाली,
"सोडू?"
अजून थोडं थांब.
मागून एक होडी येतेय.