चाचणी क्रमांक चौदा

रामकुंडावरून पुंजाराम सैंदाणे पोती पाठवतो,
दर गुरुवारी, अंबडच्या शेडमध्ये.
बाप गेलेल्यांचे केस. आई गेलेल्यांचे.
पावतीवर तो फक्त वजन लिहितो.

आधी लाकडाचा भुसा झाला, काथ्या झाला.
लासलगावची कांद्याची सालं पाण्यालाच भुलली,
फुगली, बुडाली.
केस तरंगत राहिले.

टबात उरणहून आलेलं कच्चं तेल ओतते:
काळं, जाड, पसरायची घाई नसलेलं.
जुन्या नायलॉनच्या मोज्यात केस ठासून
दोरीनं ओढत नेते कडेकडेनं.
तेल चढतं. पाणी मागे राहतं.
टबाचा निळा तळ दिसू लागतो.

एका ग्रॅमला साडेपाच ग्रॅम.
वहीत लिहिते.

मागच्या महिन्यातल्या कुठल्याशा पोत्यात
माझ्या भावाचेही असतील, दहाव्याचे,
अण्णांसाठी उतरवलेले. शोधले नाहीत.
लहानपणी डोक्याला तेल लावायचं म्हटलं
की तो गच्चीवर पळायचा,
आणि अण्णा वाटी घेऊन जिन्यात उभे,
तेल निवेपर्यंत.

मोजा पिळला.
निम्म्याहून जास्त परत आलं.
चाचणी पंधरा: तेच केस, पुन्हा.