वरची ओळ

कागद चढवला. ‘मेहेरबान’ टाइप केलं.
एवढं बोटं न विचारता करतात, छत्तीस वर्षं झाली.
पुढची जागा मोकळी सोडून मान वर केली :
कुठलं कोर्ट?

मल्लेशम वडेपल्ली म्हणाले, जवळ असंल ते.
पिशवीतून कागद निघाले, टॉवेलात गुंडाळलेले.
टॉवेल त्याच कारखान्यातला, काठ चुकलेला,
सेकंड म्हणून कामगारांना वाटतात तसला.

पहिला दावा त्यांनी दिवाणीत लावला होता.
भाच्याच्या ओळखीचा वकील, जमिनीची कामं करणारा,
त्याला सगळीच भांडणं बांधावरची वाटतात.
चौदा महिने तारखा. मग एका सोमवारी
अर्ध्या पानाचा हुकूम : हे इथलं नव्हे,
योग्य त्या न्यायालयात दाखल करावे.
योग्य ते कुठलं, ते त्यात नव्हतं.

नेमणूकपत्राच्या मागं बारीक अक्षरात
‘सर्व वाद सुरतेच्या न्यायालयात’ असंही छापलेलं.
सुरत पाहिलीय का, विचारलं.
म्हणाले, सूत यायचं तिकडनं.

आणि ओळखपत्रावर : सुपरवायझर.
हा खिळा मोठा.
मालकाचा वकील यावरच कोट टांगणार.

म्हटलं, हुद्दा राहू द्या बाजूला.
सकाळी सातला फाटकातनं आत गेल्यावर
हात काय करायचे, तेवढं सांगा.
ते बोलले नाहीत. हात पुढं केले
आणि हवेतला तुटलेला धागा जोडला,
चिमटीत पीळ देऊन, अंगठ्यानं दाबून,
इतका खरा, की मी कागदावरचं सूत झटकलं.
माग किती? ओकटी, रेंडू, मूडू... आठ.
रजा कुणाची मंजूर केली कधी?
माझीच मिळंना की ओ.

मग मोकळ्या जागेत लिहिलं :
कामगार न्यायालय, सोलापूर यांचे कोर्टात.

तक्रार दोन पानांत बसली.
तिसरं पान उशिराचं. मुदत नव्वद दिवसांची,
काढलं गड्ड्याच्या आदल्या दिवशी,
आणि आता दुसरा गड्डाही उठून गेला.
वर ठळक : विलंब माफीचा अर्ज.

वाचून दाखवताना ते तिथंच अडले.
माफी? मी मागायची?

ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं.
कायद्यातला शब्द आहे, म्हटलं,
सगळेच वापरतात, मनाला लावून घेऊ नका.
हे मी रोजच कुणाला तरी म्हणतो.
ते त्या शब्दावरनं अंगठा फिरवत राहिले,
गाठ हाताला लागते का बघावं तसे.
मग सही केली, तेलुगूत, सावकाश.

खिडकी साडेचारला बंद होते, मी सांगितलं.
डावीकडच्या जिन्यानं जा. उजवा दिवाणीचा.
ते उठले. कागद पुन्हा टॉवेलात.
सवयीनं दोन पावलं उजवीकडं गेले,
आणि थांबले.