अर्थ

सोहारात, जुलैच्या दुपारी दोनला
घरात कुणी नाही, असं धरून चाललो आम्ही.
मालक सलालाला गेलेला, धुकं बघायला,
चार मुलं, दोन गाड्या घेऊन.
मागे चाव्यांचा जुडगा
आणि फॉल्स सीलिंगला एक चौकोनी भोक.
त्या भोकात मी, कमरेपर्यंत.
खाली टेकबहादूर, शिडी धरून.

त्याआधीचं सांगतो.
पॅनेलमधला सात नंबरचा ब्रेकर पाडला.
त्यावर लाल कुलूप, कुलपाला पाटी:
काम चालू आहे, मुनव्वर सरगुरोह.
किल्ली एकच, माझ्या डाव्या खिशात.
टेस्टर आधी चालू सॉकेटला लावला: दोनशे अडतीस.
मग मशीनकडे जाणाऱ्या तारांना: शून्य.
मग परत सॉकेटला: दोनशे अडतीस.
टेकबहादूर हसला, तीनदा कशाला?
म्हटलं, मेलेला टेस्टर
जिवंत तारेलाही मेलेली म्हणतो.

हे बोलणं माझं नाही, हमदुले उस्तादांचं.
त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती.
कशी गेली, विचारलं की म्हणायचे,
"बंद आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं."

वर पत्र्याच्या डक्टला हात लावून ठेववत नाही.
घाम टर्मिनलवर ठिबकू नये
म्हणून कपाळाला पंचा करकचून.
तार सोलताना पातं हलकं फिरवायचं.
तांब्याला चर पडला तर ते आज काही बोलत नाही,
बोलतं एखाद्या ऑगस्टात, रात्री,
मशीन थरथरत असताना.
लग बसवला, दाबला, ओढून पाहिला.
सुटला.
परत केला.
मशीनच्या तारा तपकिरी आणि निळ्या,
भिंतीतून आलेल्या लाल आणि काळ्या;
कुणाचं कोण, हे रंगावरून ठरवायचं नाही.
मीटर लावून एकेकीला नाव विचारलं.

उरली हिरवी-पिवळी.
तिला उस्ताद अर्थ म्हणायचे.
अर्थिंग नाही, नुसतं अर्थ.
अर्थ आधी जोडायचा,
आणि बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवायचा.
कधी मशीन निखळून खाली आलंच
तर सगळ्यांत शेवटी तो तुटला पाहिजे.

ठक्.

पॅनेलकडून.
परत ठक्.
मी दोन्ही हात तारांतून बाहेर काढले.
टेकबहादूरने शिडी सोडली नाही, हे मला आवडलं.

मालकाचा बाप होता.
सलालाला न गेलेला,
मागच्या खोलीत झोपलेला, कुणी न सांगितलेला.
पांढरा झगा पाठीला चिकटलेला,
बोट अजून सात नंबरवर.
"कहरबा?" म्हणाला.
मी खिशातून किल्ली काढून दाखवली,
म्हटलं, "शुवय, बाबा, शुवय शुवय."
त्यानं किल्लीकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं,
मग भोकातून लोंबणाऱ्या माझ्या पायांकडे
बराच वेळ.
त्याचं काय चुकलं? उकडत होतं त्याला.

टेकबहादूरने कूलरमधलं पाणी दिलं.
म्हाताऱ्यानं स्वतःच खुर्ची ओढत आणली,
पॅनेलला पाठ टेकून बसला,
काठी आडवी मांडीवर.
आता कुलपाला राखणदार होता.

सगळं जमल्यावर झाकण लावण्याआधी
टेपचा तुकडा हिरव्या-पिवळीला गुंडाळला
आणि मार्करने लिहिलं, अर्थ.
सवय आहे. देवनागरीतच येतं.
खाली उतरलो, कुलूप मीच काढलं, ब्रेकर मीच उचलला.
आधी धुळीचा वास आला,
मग पडद्याचं टोक हललं,
मग त्याची दाढी.

दहा वर्षांनी कुणी ते झाकण उघडेल.
लाहोरचा असेल, मिंदानाओचा असेल.
टेपवरचं त्याला वाचता येणार नाही.
एक तार बोटभर लांब का, एवढं मात्र
त्याच्या कुणा उस्तादानं सांगितलेलं असेल.