जूनच्या आधी

सोहारला शुक्रवारची मॅच संपली
की बंदरामागच्या वाळूत, गाडीच्या बॉनेटवर
वर्गीस हिशेब मांडतो:
मुनाफ पेवेकर देऊन टाक. जूनमध्ये त्याचा करार संपला
की तो कुणाचाच नाही.
बदल्यात बिकाश घे, एकोणीसचा, डावखुरा,
गुडघा जरा कुरकुरतो.
नाहीतर पुढच्या हंगामात पहिली दोन नावं तू उचल.

हातचं सोडून पळत्यामागे लागू नये म्हणतात.
इथं हातचंच जूनमध्ये पळणार.

बिकाशला मी पाहिलंय.
पाणी मागायलासुद्धा लाजतो.
पाहिलेल्या माणसात खोट दिसतेच.
ती दोन नावं अजून विमानातही बसलेली नाहीत,
कुठल्यातरी एजंटच्या दारात पासपोर्ट देऊन उभी असतील.
त्यांचे गुडघे शाबूत आहेत,
कारण त्यांना अजून गुडघेच नाहीत.

तिकडे मुनाफ स्टंप गोळा करतोय.
एक चिरलाय, त्याला टेप गुंडाळतोय
पुढच्या शुक्रवारसाठी.

"काय ठरलं?"
बॉनेटवर हात ठेववत नाही.
मी म्हणतो, बिकाशला बोलाव,
चालताना बघू दे.

माझा स्वतःचा व्हिसा ऑगस्टपर्यंत,
हे वर्गीसला ठाऊक आहे.
तेवढं तो बोलला नाही.