बोरीचा घाट, तीनवर

इनास मेस्त आधी काही विचारत नाही.
मागचं झाकण उघडतो, इंजिन चालू ठेवायला सांगतो
आणि प्लगांच्या वायरी एकेक उपसून पाहतो.
पहिली काढली, गाडी अडखळली.
दुसरी काढली, अंगभर थरथरली.
चौथीलाही तेच.
तिसरी काढली
आणि काहीच झालं नाही.
तीच धाप, तेच खोकणं,
गॅरेजच्या पत्र्यावरचा कावळासुद्धा हलला नाही.
"होच तो," इनास म्हणाला, "काडलो तरी कळना."

तेलाचा कूलर नेमका तिसऱ्याच्या वाटेत उभा.
पंख्याची हवा त्याला मिळते ती उरलीसुरली.
साठ वर्षांपूर्वी मुरगाव बंदरात उतरली
तेव्हापासून तो असा तापतोय.
जर्मनांनी असं का केलं, मी विचारलं.
इनासनं हात पुसले
गेल्या निवडणुकीतल्या टी-शर्टाला.
व्हॉल्व्ह जळलाय. सोमवारी हेड खोलू.
तोवर घरी ने, पण घाटात तिला रागवू नको.
झाकण जरा उघडं राहावं म्हणून
फटीत त्यानं नारळाचं सोडण खोवलं.
पैसे घेतले नाहीत. सोडण त्याच्याच माडाचं.

वाटेतल्या पंपावरचा पोरगा
पाण्याचा कॅन घेऊन धावत आला,
पुढचं बॉनेट उघडलं आणि थबकला.
आत दोन अननस, एक छत्री
आणि निरोप समारंभाची शाल, घडी न मोडलेली.
इंजिन नाही.
"हिला पाणी लागत नाही," मी म्हटलं, "ही वाऱ्यावर जगते."
वारा कुठे होता?
होता तो काजूच्या भट्टीवरून आलेला,
आंबूस, गरम, अर्धा झिंगलेला.

जुवारीवरचा पूल तिनं सपाटीच्या जोरावर काढला.
मग चढ.

मामलेदार कचेरीत तेहतीस वर्षं माझं टेबल
लोखंडी कपाटामागे होतं.
पंखा फिरायचा, कागद उडायचे
ते पलीकडच्यांचे.
गेल्या शुक्रवारी माझी वायर निघाली.
सोमवारी चष्म्याचं घर राहिलं म्हणून गेलो,
शिक्के त्याच ठेक्यात पडत होते,
बाकावर कुळांच्या खटल्यांची तीच माणसं,
आणि खिडकीतली नवी मुलगी मला म्हणाली,
"टोकन घेतलंत का?"

पहिला गियर. मागे कदंबची बस,
दारात लोंबकळता कंडक्टर: "पात्रांव, बाजूक घे रे!"
बाजू म्हणजे दरी.
मी मोजत राहिलो.
ही सरळ मोजत नाही,
एकानंतर चार, मग तीन, मग दोन.
एक, चार, फुस्स, दोन.
एक, चार, फुस्स, दोन.
त्या फुस्समध्ये कान घातला तेव्हा लक्षात आलं,
तो जळत नाही, पण थांबलेलाही नाही.
बाकी तिघं ओढतात म्हणून का होईना
वर येतोय, खाली जातोय,
अख्खा घाट.

माथ्यावर गाडी आंब्याखाली घेतली.
बस गेली. मागच्या काचेतून एका मुलीनं
जीभ काढून दाखवली.
कमलिनीचा फोन: "कुठे आहात?"
"चढलो."
"कोण चढलं?"
"आम्ही."

झाकण वर केलं. सोडणाची कड करपली होती,
कुणीतरी चूल पेटवल्यासारखा वास.
आणि तेव्हा दिसली
तिसरी वायर, प्लगवर घट्ट.
काढली तरी कळत नव्हतं, तरी इनासनं
ती परत लावली होती,
अंगठ्यानं दाबून,
टक् असा आवाज येईपर्यंत.
मघा तो आवाज मी ऐकला होता
आणि तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

सोडण उलटं करून पुन्हा फटीत खोवलं.
एक अननस सोमवारी त्याला द्यायचा.
पुढे फोंड्यापर्यंत बराचसा उतार आहे.